बीपीच्या गोळीमुळे शुगर वाढते का? व्हायरल दाव्यात खरं किती, अर्धवट किती?

बीपीची गोळी सुरू केली आणि शुगर वाढायला लागली, त्यामुळे गोळी बंद केलेलीच बरी, अशा अर्थाचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्याच्या पुढची पायरी दिसते. एखाद्या व्हिडिओत बीपीच्या सगळ्या गोळ्यांना एकाच माळेत ओवून त्या 'डायबेटिस देणाऱ्या' ठरवल्या जातात आणि शेवटी एखादा काढा किंवा चूर्ण सुचवलं जातं.

ही निव्वळ अफवा असती, तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आलं असतं. अडचण अशी की या दाव्यात थोडं सत्य आहे. बीपीच्या काही गोळ्यांमुळे शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद खरोखर मंदावतो आणि हे वैद्यकशास्त्राला गेल्या कित्येक दशकांपासून माहीत आहे. पण काही गोळ्यांचा परिणाम नेमका उलटा आहे, तर काहींचा शुगरशी फारसा संबंधच येत नाही. हा फरक गाळला की माणसं घाबरून सगळ्याच गोळ्या सोडून देतात आणि त्याची किंमत मेंदू, हृदय आणि किडनीला मोजावी लागते.

भारतासाठी हा प्रश्न छोटा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीचे देशव्यापी आकडे जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना डायबेटिस, १५.३ टक्के लोकांना प्रीडायबेटिस आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. डायबेटिसचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. हे दोन्ही आजार एकाच माणसात असणं नेहमीचंच आहे. त्यामुळे बीपीची कुठली गोळी शुगरचं काय करते, हे समजून घ्यायला हवं.

इन्सुलिन संवेदनशीलता म्हणजे नेमकं काय?

जेवल्यानंतर रक्तातली साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं आणि स्नायू, चरबी व यकृताला निरोप देतं. स्नायूंनी साखर उचलायची असते आणि यकृताने नवी साखर रक्तात सोडणं थांबवायचं असतं. यातलं उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात.

थोड्या इन्सुलिनमध्ये हे काम झालं, तर शरीराची इन्सुलिन संवेदनशीलता चांगली आहे असं म्हणतात. त्याच कामासाठी जास्त इन्सुलिन लागू लागलं, तर तो इन्सुलिन रेझिस्टन्स. सुरुवातीला स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून वेळ मारून नेतं. त्यामुळे शुगरचा रिपोर्ट अनेक वर्षं नॉर्मल दिसू शकतो. स्वादुपिंड थकलं की रिपोर्टमधले आकडे चढू लागतात.

म्हणजे शुगर वाढण्याच्या वाटा दोन आहेत. एकतर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, किंवा इन्सुलिनच कमी पडतं. बीपीच्या गोळ्या या दोन्ही ठिकाणी ढवळाढवळ करू शकतात.

बीपी आणि शुगर हातात हात घालून का येतात?

इन्सुलिन रेझिस्टन्स, वाढलेला रक्तदाब आणि बिघडलेलं कोलेस्टेरॉल एकत्र का आढळतात, याची मांडणी अमेरिकी संशोधक जेराल्ड रिव्हन यांनी १९८८ मध्ये केली. त्यांनी या गटाला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं. आज तो 'मेटाबॉलिक सिंड्रोम' म्हणून ओळखला जातो.

इन्सुलिनची पातळी सतत जास्त राहिली की किडनी मीठ धरून ठेवते आणि शरीराला 'सावध' ठेवणारी चेतासंस्था जास्त जागी राहते. दोन्हींमुळे रक्तदाब चढतो. दुसऱ्या बाजूने, रक्तवाहिन्या आवळलेल्या राहिल्या की स्नायूंना रक्त कमी मिळतं आणि रक्ताबरोबर येणारी साखर व इन्सुलिनही कमी पोहोचतं.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'सडपातळ पण चरबीयुक्त' भारतीय शरीराची कल्पना मांडली. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातली २१.२ टक्के. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीयातही इन्सुलिन रेझिस्टन्स दडलेला असू शकतो, तो असा. मग 'मी तर जाड नाही, शुगर वाढली ती गोळीमुळेच' हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो.

संशय कोणत्या गोळ्यांवर आहे?

दोन गटांवर: थायाझाइड प्रकारच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि जुने बीटा ब्लॉकर.

हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन ही पहिल्या गटातली नावं. या गोळ्या लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतात, पण त्याबरोबर पोटॅशियमही जातं. रक्तातलं पोटॅशियम घसरलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटण्याची प्रक्रिया मंदावते. शिवाय स्नायूंचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही कमी होतो. जुन्या काळी या गोळ्या ५० ते १०० मिलिग्रॅमच्या मात्रेत दिल्या जायच्या आणि तेव्हा हा परिणाम ठळक दिसायचा. आज बहुतेकदा १२.५ ते २५ मिलिग्रॅम पुरतात. मात्रा कमी झाली तसा परिणामही आटोक्यात आला, पण पुरता गेला नाही.

दुसरा गट अटेनोलोल, मेटोप्रोलोल यांचा. हे बीटा ब्लॉकर हृदयाची गती कमी करतात. मात्र त्यामुळे स्नायूंकडे जाणारा रक्तप्रवाह घटू शकतो, जेवणानंतर लगेच सुटणाऱ्या इन्सुलिनचा पहिला हप्ता कमी पडतो आणि वजनही थोडं वाढतं. तिन्ही गोष्टी शुगरच्या विरोधात जाणाऱ्या आहेत.

या गटातले सगळेच एकसारखे नाहीत. कार्व्हेडिलोल आणि नेबिव्होलोल हृदयाची गती कमी करतानाच रक्तवाहिन्या सैलही करतात. त्यामुळे इन्सुलिनच्या बाबतीत ते बरेच सौम्य आहेत.

कोणत्या गोळ्या इन्सुलिनच्या बाजूने आहेत?

शरीरात 'अँजिओटेन्सिन २' नावाचं एक रसायन रक्तवाहिन्या आवळतं. पेशीच्या आत इन्सुलिनचा निरोप पुढे जाण्यातही ते अडथळा आणतं. एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ रामिप्रिल आणि एनालाप्रिल, हे रसायन तयार होणंच कमी करतात. एआरबी गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन आणि लोसार्टन, त्याला पेशीवर बसूच देत नाहीत. परिणामी रक्तवाहिन्या सैल होतात, स्नायूंना रक्त मिळतं आणि इन्सुलिनचं काम थोडं सोपं होतं.

दोन गटांमधला हा फरक १९८९ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी मोजून दाखवला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना त्यांनी आळीपाळीने कॅप्टोप्रिल हा एसीई इनहिबिटर आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड दिलं. मग शिरेतून ठरावीक इन्सुलिन सोडून, शुगर स्थिर ठेवण्यासाठी किती ग्लुकोज द्यावं लागतं ते मोजलं. ग्लुकोज जास्त लागलं, तर शरीर इन्सुलिनला चांगली दाद देतंय असा अर्थ. कॅप्टोप्रिलवर हे प्रमाण दर किलो वजनामागे मिनिटाला ५.७ मिलिग्रॅमवरून ६.३ वर गेलं. हायड्रोक्लोरोथायाझाइडवर ते ६.४ वरून ५.७ वर घसरलं.

अम्लोडिपिनसारख्या कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गोळ्या या वादात जवळपास तटस्थ आहेत.

मोठ्या अभ्यासांनी काय दाखवलं?

प्रयोगशाळेत मोजलेला फरक प्रत्यक्ष आयुष्यात किती उतरतो, हे बघायला हजारो लोकांचे अभ्यास लागतात. यातला सर्वांत चर्चेत राहिलेला 'ऑलहॅट' हा अमेरिकी अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३३ हजारांहून अधिक रुग्णांना क्लोरथॅलिडोन, अम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल यांपैकी एक औषध दिलं होतं. सुरुवातीला डायबेटिस नसलेल्यांपैकी चार वर्षांनी क्लोरथॅलिडोन गटातल्या ११.६ टक्के, अम्लोडिपिन गटातल्या ९.८ टक्के आणि लिसिनोप्रिल गटातल्या ८.१ टक्के लोकांची शुगर डायबेटिसच्या रेषेपलीकडे गेली.

हे आकडे दोन बाजूंनी वाचायला हवेत. गोळीनुसार फरक पडतो हे खरं. पण सर्वांत 'चांगल्या' गोळीवरही दर हजारात ८१ जणांना डायबेटिस झालाच. सर्वांत 'वाईट' गोळीवर तो ११६ जणांना झाला. म्हणजे या वयात, या वजनात, बीपी असलेल्या लोकांना डायबेटिस होण्याचा धोका मुळातच मोठा असतो आणि गोळीमुळे त्यात थोडी भर किंवा थोडी घट होते. 'गोळी सुरू केल्यावर शुगर निघाली' असं सांगणाऱ्या बहुतेकांची शुगर गोळीशिवायही निघालीच असती.

२०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढाकार घेतलेल्या विश्लेषणाने चित्र आणखी स्पष्ट केलं. त्यात १९ चाचण्यांमधल्या सुमारे १ लाख ४६ हजार लोकांची माहिती एकत्र तपासली होती. वरचा रक्तदाब ५ अंकांनी कमी केला, तर नव्याने डायबेटिस होण्याचा धोका ११ टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. म्हणजे बीपी आटोक्यात ठेवणं हेच शुगरच्या फायद्याचं आहे. गटवार पाहिलं तर एसीई इनहिबिटर आणि एआरबी यांनी धोका प्रत्येकी १६ टक्क्यांनी कमी केला. थायाझाइडने तो २० टक्क्यांनी आणि बीटा ब्लॉकरने ४८ टक्क्यांनी वाढवला. कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरचा ठळक परिणाम दिसला नाही.

मग टेल्मिसार्टन हे शुगरचंही औषध आहे का?

समाजमाध्यमांवर दुसऱ्या टोकाचा दावाही दिसतो: टेल्मिसार्टन घ्या, बीपी आणि शुगर दोन्ही उतरेल. याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. डायबेटिसचं पायोग्लिटाझोन हे औषध पेशीतल्या ज्या कळीवर काम करतं, तीच कळ टेल्मिसार्टन हलकीशी दाबतं, असं प्रयोगशाळेत आढळलं होतं. पण टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल यांची तुलना करणाऱ्या २००८ च्या 'ऑनटार्गेट' अभ्यासात नव्याने डायबेटिस होण्याच्या बाबतीत टेल्मिसार्टन सरस ठरलं नाही.

या गटांतल्या इतर गोळ्यांचंही असंच आहे. २००६ च्या 'ड्रीम' अभ्यासात प्रीडायबेटिस असलेल्यांना रामिप्रिल देऊन डायबेटिस टाळण्यात ठोस यश आलं नाही. २०१० च्या 'नॅव्हिगेटर' अभ्यासात वल्सार्टन घेणाऱ्यांपैकी ३३.१ टक्के, तर डमी गोळी घेणाऱ्यांपैकी ३६.८ टक्के लोकांना डायबेटिस झाला. फायदा होता, पण माफक. बीपी नॉर्मल असताना केवळ शुगरसाठी या गोळ्या घेण्याचं कारण नाही.

ज्यांना आधीच डायबेटिस आहे, त्यांचं काय?

वरचे बहुतेक आकडे डायबेटिस नसलेल्यांचे आहेत. व्हायरल व्हिडिओंमध्ये मात्र ते डायबेटिसच्या रुग्णांना घाबरवायला वापरले जातात. प्रत्यक्ष रुग्णांवरचे दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात.

पहिला ब्रिटनमधला 'यूकेपीडीएस'. टाइप २ डायबेटिस आणि उच्च रक्तदाब असलेल्या १,१४८ रुग्णांचा हा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना कॅप्टोप्रिल, तर काहींना अटेनोलोल दिलं होतं. अटेनोलोल घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.४ किलोने वाढलं, कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांचं १.६ किलोने. पहिल्या चार वर्षांत अटेनोलोल गटाची एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर ७.५ होती, कॅप्टोप्रिल गटाची ७.०. म्हणजे शुगरवर परिणाम झाला. पण पुढच्या वर्षांत हा फरक जवळपास पुसला गेला आणि डायबेटिसची गुंतागुंत, मृत्यू या निकषांवर दोन्ही औषधं सारखीच परिणामकारक ठरली.

दुसरा अभ्यास २००४ चा 'जेमिनी'. त्यात १,२३५ रुग्णांमध्ये मेटोप्रोलोल आणि कार्व्हेडिलोल यांची तुलना केली होती. सगळ्यांना सोबत एसीई इनहिबिटर किंवा एआरबी सुरू होतंच. पाच महिन्यांनंतर मेटोप्रोलोल गटाची एचबीए१सी ०.१५ ने वाढली, कार्व्हेडिलोल गटाची जवळपास तिथेच राहिली आणि इन्सुलिन संवेदनशीलता थोडी सुधारली.

०.१५ हा आकडा लहान आहे. एचबीए१सी ७ वरून ९ वर गेली असेल, तर त्याचं खापर एकट्या बीपीच्या गोळीवर फोडता येत नाही. चुकलेल्या गोळ्या, लग्नसराई किंवा सणासुदीतलं खाणं, बंद पडलेलं चालणं, एखादा जंतुसंसर्ग, किंवा दमा-सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइड ही कारणं आधी तपासावी लागतात.

बीटा ब्लॉकरबाबत आणखी एक गोष्ट डायबेटिसच्या रुग्णांना माहीत हवी. शुगर अचानक घसरली की छातीत धडधड होते, हात थरथरतात. बीटा ब्लॉकरमुळे या खुणा दबून जाऊ शकतात. घाम फुटणं मात्र तसंच राहतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं. विनाकारण दरदरून घाम आला, तर आधी शुगर मोजावी.

शुगर वाढवणारी गोळी डॉक्टर देतातच का?

कारण अंतिम हिशेब शुगरच्या आकड्याचा नसतो. तो हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं आणि मृत्यू यांचा असतो.

'यूकेपीडीएस'मध्ये ज्यांचा रक्तदाब सरासरी १४४/८२ वर आणला, त्यांची तुलना १५४/८७ वर राहिलेल्यांशी केली. केवळ १० अंकांच्या फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि डायबेटिसशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. डोळे आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार ३७ टक्क्यांनी घटले.

थायाझाइडचंही तसंच. 'ऑलहॅट'मध्ये क्लोरथॅलिडोन गटात डायबेटिसचे नवे रुग्ण जास्त होते. तरीही हार्ट अटॅक आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू या मुख्य निकषावर ते औषध इतर दोघांच्या मागे पडलं नाही, आणि हार्ट फेल्युअर रोखण्यात तर पुढे राहिलं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये थायाझाइड, एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, आणि दीर्घकाळ काम करणारे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर हे तीन गट पहिल्या पसंतीचे आहेत.

बीटा ब्लॉकर या यादीत नाहीत. पण हार्ट अटॅक येऊन गेला असेल, हृदय कमकुवत झालं असेल, अंजायना असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर तेच जीव वाचवणारं औषध ठरतं. अशा रुग्णासाठी एचबीए१सीमधली किंचित वाढ हा परवडणारा सौदा आहे, कारण ती शुगरच्या औषधात थोडा बदल करून सांभाळता येते.

डायबेटिससोबत लघवीतून प्रथिनं जात असतील, तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी यांना प्राधान्य मिळतं. त्यामागे किडनीचं संरक्षण हे मुख्य कारण आहे. इन्सुलिनला होणारी मदत हा वरचा लाभ. याच गोळ्या गरोदरपणात मात्र चालत नाहीत, कारण बाळाला धोका असतो. गर्भधारणेचा विचार असलेल्या महिलांनी ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

पट्टीवरचं नाव कसं वाचायचं?

भारतात बीपीसाठी एकाच गोळीत दोन-तीन औषधं असण्याची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे आपण नेमकं काय घेतोय, हे अनेकांना माहीत नसतं. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव वाचलं, तर गट ओळखता येतो.

- शेवटी 'सार्टन': टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. हा एआरबी गट, इन्सुलिनच्या बाजूचा.
- शेवटी 'प्रिल': रामिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल. हा एसीई इनहिबिटर गट, तोही इन्सुलिनच्या बाजूचा. काहींना यामुळे कोरडा खोकला येतो.
- शेवटी 'डिपिन': अम्लोडिपिन, सिल्निडिपिन. कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, शुगरच्या बाबतीत साधारण तटस्थ. पायांवर सूज येऊ शकते.
- शेवटी 'लोल': अटेनोलोल, मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल. बीटा ब्लॉकर, शुगर थोडी वाढवू शकतात. कार्व्हेडिलोल आणि नेबिव्होलोल त्यातले सौम्य.
- हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, शुगर थोडी वाढवू शकतात. ब्रँडच्या नावाला 'एच' जोडलेला असेल, तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. 'एएम' असेल, तर बहुधा अम्लोडिपिन.

यादीत आपल्या गोळीपुढे 'वाढवू शकतात' दिसलं म्हणून ती बदलायलाच हवी असं नाही. पुढच्या भेटीत प्रश्न विचारायला ही माहिती पुरेशी आहे. ही गोळी मला नेमकी कशासाठी दिली आहे? हृदयाचं काही कारण आहे का? थायाझाइड सुरू असेल, तर पोटॅशियम तपासायचं का? 'प्रिल' किंवा 'सार्टन' सुरू असेल, तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी कधी करायची? नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवडे शुगर थोडी जास्त वेळा मोजून तो कागद सोबत नेला, तर डॉक्टरांनाही निर्णय घेणं सोपं जातं.

सरकारी दवाखान्यात कोणत्या गोळ्या मिळतात?

केंद्र सरकार, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. मोजकी औषधं, ठरलेला क्रम आणि नियमित पाठपुरावा हे त्याचं सूत्र. त्यात अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि थायाझाइड प्रकारची गोळी यांचाच मुख्य वापर होतो. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून साधारणपणे सुरू होणाऱ्या पहिल्या दोन गोळ्या शुगरच्या दृष्टीने एक तटस्थ आणि एक अनुकूल आहे.

१७ मे २०२३ रोजी केंद्राने डायबेटिस आणि उच्च रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. अशा मोहिमेत नवी नावं नोंदवण्याइतकंच अवघड काम असतं ते नोंदवलेल्या रुग्णाला गोळीवर टिकवून ठेवणं. 'गोळीने शुगर वाढते' हा मेसेज नेमका याच ठिकाणी घाव घालतो.

गोळी स्वतःच बंद केली तर काय होतं?

'यूकेपीडीएस' संपल्यावर त्यातल्या रुग्णांचा पुढे दहा वर्षं पाठपुरावा झाला. अभ्यास संपल्यानंतर दोन वर्षांतच दोन्ही गटांच्या रक्तदाबातला फरक नाहीसा झाला आणि त्याबरोबर आधी मिळालेले फायदेही विरून गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ सरळ आहे. बीपीच्या उपचाराचा फायदा साठवून ठेवता येत नाही. बीपी आटोक्यात असेपर्यंतच तो मिळतो.

बीटा ब्लॉकर तर एकाएकी थांबवणं धोक्याचं आहे. हृदयाची गती उसळी मारते आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळे आहेत, त्यांना अंजायना किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. ही गोळी बंद करायचीच असेल, तर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

उलट बाजूचा पुरावाही भक्कम होत चालला आहे. चीनमधल्या 'बीप्रोड' या अभ्यासात टाइप २ डायबेटिसच्या १२,८२१ रुग्णांचा समावेश होता. त्याचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असलेल्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २१ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन डायबेटिसच्या बहुतेक रुग्णांसाठी १३०/८० च्या खालचा रक्तदाब सुचवते. तिथे पोहोचायला अनेकांना एकापेक्षा जास्त गोळ्या लागतात आणि त्यात कधी थायाझाइडही येतं.

गोळीखेरीज हातात काय आहे?

इन्सुलिन संवेदनशीलता आणि रक्तदाब दोन्ही एकाच वेळी सुधारणाऱ्या गोष्टीही आहेत. वजन थोडं कमी झालं, रोजचं चालणं आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुरू राहिला, झोप पुरी झाली, तर स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. लोणचं, पापड, फरसाण आणि वरून घेतलेलं मीठ कमी केलं, तर बीपी उतरतं आणि काहींची गोळीची मात्राही कमी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाच्या आतली आहे, म्हणजे जेमतेम एक चमचा.

इथे एक सावधगिरी हवी. बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा 'प्रिल', 'सार्टन' गटातली गोळी सुरू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतं.

आणि गोळीबद्दल शंका आलीच, तर ती कचऱ्याच्या डब्यात टाकण्याआधी पट्टी आणि शुगरच्या नोंदींचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं. बीपीच्या गोळ्यांचे पर्याय आज भरपूर आहेत आणि बहुतेक रुग्णांसाठी शुगरला न दुखावणारी जोडणी सापडते.